उपनगरांवरील वाहनसक्ती

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत असत. ही पदवी कोणा परिषदेने बहाल केलेली नव्हती; विद्यार्थी, शिक्षक, कारकून आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार यांनी ती आपल्या पायांच्या बळावर मिळविली होती. सायकलीला दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट बसला तर पोलीस अडवीत, इतके त्या वाहनाला रस्त्यावर स्थान होते. त्याच शहरात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांना तो समृद्धीचा पुरावा वाटला. वस्तुतः तो समृद्धीचा पुरावा आहे की नाइलाजाचा, हे ठरविण्यासाठी शहराच्या मध्यभागातून बाहेर पडून आंबेगाव, धायरी, उंड्री, वाघोली या बाजूंना गेले पाहिजे.

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे घेण्यात आली. हद्द वाढली, परंतु गावांचे शहर होण्याचा क्रम मात्र उलटा राहिला. आधी इमारती उठल्या, मग रस्त्यांची आठवण झाली आणि बसचा विचार सर्वांत शेवटी झाला. शहरात जागा घेणे ज्यांना परवडत नाही, तीच मध्यमवर्गीय कुटुंबे या बाजूंना राहावयास गेली. घराचा हप्ता थोडा हलका झाला खरा; पण दारात दुचाकी नसेल तर नोकरी गाठता येईना, म्हणून तिचा हप्ता सुरू झाला. मुलगा महाविद्यालयात गेला की दुसरी दुचाकी आली, आणि पावसाळ्यात लहान मुलांना शाळेत पोचविण्यासाठी पुढेमागे मोटारही घ्यावी लागली. महिन्याच्या पगारातून पेट्रोलची रक्कम बाजूला काढून ठेवणाऱ्या या कुटुंबांना चैनी कोण म्हणेल? त्यांनी वाहन निवडले असे म्हणण्यापेक्षा ते त्यांच्यावर लादले गेले असे म्हणणेच न्यायाचे होईल.

ज्यांना वाहन चालवताच येत नाही त्यांची स्थिती याहून कठीण आहे. निवृत्त शिक्षकाला ग्रंथालयात जावयाचे असेल, मुलीला संध्याकाळच्या वर्गाला बसावयाचे असेल, किंवा घरकाम करणाऱ्या बाईला दोन वस्त्यांतील दोन घरी वेळेवर पोचावयाचे असेल, तर त्यांचे सारे घोडे बसथांब्याशीच पेंड खाते. शेवटची बस लवकर सुटते म्हणून एखाद्या मुलीचा वर्ग सुटत असेल, तर हा प्रश्न वाहतूक खात्याचा उरत नाही. तो शिक्षणाचा आणि समान संधीचा प्रश्न होतो.

यावर आजवर कोणता उपाय झाला? रस्ते रुंद झाले आणि पुलांवर पूल चढले. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल बांधून दोन दशकेही झाली नव्हती तोच २०२० मध्ये पाडावा लागला. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी उडविण्यात आला आणि २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. एका चौकातील कोंडी फोडली की ती पुढच्या चौकात जाऊन बसते, हा अनुभव प्रत्येक पुणेकराच्या पाठीशी आहे. मोकळा रस्ता दिसला की नवी वाहने त्याकडे वळतात, आणि थोड्याच वर्षांत तो रस्ता पूर्वीइतकाच तुंबतो. माणसांना वाहून नेण्याऐवजी वाहनांना वाट करून देण्यातच पैसा ओतणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला प्रकार आहे. रस्त्यांवर हक्क वाहनांचा नसून माणसांचा आहे, हे तत्त्व केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट नमूद आहे. ते धोरण कागदावर आहे. अंदाजपत्रकात उतरलेले नाही.

बसची गोष्ट पाहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन संस्थांचे २००७ मध्ये एकत्रीकरण होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. शहरात दर लाख वस्तीमागे साठ बस असाव्यात, असा केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याचा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत या दोन शहरांची मिळून लोकसंख्या ४८ लाखांच्या घरात होती. म्हणजे त्या वेळच्या वस्तीलाच सुमारे २,९०० बसगाड्या हव्या होत्या. त्यानंतर वस्ती किती वाढली हे सांगावयास नको. महामंडळाचा ताफा मात्र दोन हजारांच्या आसपासच रेंगाळत राहिला. अशा स्थितीत जून २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपयांवर आणि मासिक पास नऊशे रुपयांवरून दीड हजारावर गेला. सेवा वाढण्याआधी भाडे वाढले, की काठावरचा प्रवासी हिशेब करतो आणि दुचाकीच्या दुकानाची पायरी चढतो.

महामंडळाला तोटा होतो आणि तो दोन महापालिकांना भरून द्यावा लागतो, असे उत्तर यावर ठरलेले असते. तोटा होतो हे खरे आहे, आणि कारभारातील शैथिल्याला क्षमा नसावी हेही खरे. परंतु उड्डाणपुलाला वर्षाअखेर किती नफा झाला, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. रस्त्याच्या कडेला फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारीने अडविलेल्या सार्वजनिक जागेचे भाडे कोणत्या खात्यात जमा होते, हेही कोणी सांगत नाही. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सभेने वाहनतळ शुल्काचे धोरण मंजूर केले, तेही अवघ्या पाच रस्त्यांपुरते. आणि तेवढेसुद्धा अमलात आले नाही. मोटारीला मिळते ती सवलत आणि बसला मिळते ते अनुदान, हा शब्दांचा खेळ आता पुरे झाला.

लोकांना बस नकोच असते, हा दुसरा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. १ नोव्हेंबर २०१० रोजी पुण्यात ‘बस डे’ झाला, तेव्हा एरवीपेक्षा कितीतरी अधिक गाड्या रस्त्यावर आल्या आणि प्रवाशांनी त्यांना भरभरून प्रतिसाद दिला. एका दिवसाने शहर बदलत नाही. पण बस वेळेवर आणि लागोपाठ आली तर पुणेकर तिच्यात बसतो, एवढे त्या दिवसाने सिद्ध केले.

बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा देशातील पहिला प्रयोगही याच शहरात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर झाला. मार्गिका सलग नव्हत्या, रस्त्याच्या मध्यावरील थांब्यापर्यंत प्रवाशाने सुखरूप पोचावे कसे याचा विचार अपुरा होता, आणि खाजगी वाहनांची घुसखोरी रोखण्याची इच्छाशक्ती नव्हती. अहमदाबादने २००९ मध्ये आपली ‘जनमार्ग’ सेवा सुरू केली ती बंदिस्त मार्गिका आणि बसच्या पायरीला समतल असे थांबे बांधून. आपण मात्र चुका दुरुस्त करण्याऐवजी नगर रस्त्यावरील मार्गिका २०२३ मध्ये उखडावयास घेतल्या. योजना अर्धवट राबवावयाची आणि मग ती फसली म्हणून मोडीत काढावयाची, ही आपली जुनी खोड आहे.

मेट्रो आली, तिचे स्वागतच आहे. मार्च २०२२ मध्ये पहिले टप्पे सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गाडी स्वारगेटपर्यंत पोचली. परंतु ३३ किलोमीटरची लोहवाट कितीही देखणी असली तरी ती वृक्षाचे खोड आहे. फांद्या बसच्या आणि सायकलीच्याच असावयास हव्यात. स्थानकापासून तीन-चार किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला तेथवर पोचण्यासाठी दुचाकीच काढावी लागत असेल, तर तो पुढे मेट्रोत बसेलच याचा भरवसा काय? हेच अंतर सायकलीने पंधरा-वीस मिनिटांचे आहे. त्यासाठी हवी आहे ती अखंड, सावलीची, वाहनांपासून कठड्याने वेगळी केलेली वाट. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या सायकलींचा गाजावाजाही झाला. पण मार्ग मध्येच तुटलेले, कोठे त्यांवर विजेचा खांब, कोठे उभी मोटार. ज्या वाटेवर आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला एकटे सोडू शकत नाही, ती सायकलवाट नाही. तो केवळ रस्त्यावर ओढलेला रंगाचा पट्टा आहे.

हॉलंड हा सायकलींचा देश जन्मतःच तसा होता, असे मानले जाते. ते बरोबर नाही. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर प्राणास मुकली. त्यांत शेकडो मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलटंचाईने सरकारला जाग आली आणि मग पुढील दशकांत एकेक वाट बांधली गेली. उट्रेख्टच्या रेल्वेस्थानकाखाली आज साडेबारा हजार सायकली ठेवण्याची सोय आहे. आपल्याकडे चढ आहेत आणि ऊनही कडक आहे, हे मान्य. पण विजेवर चालणारी सायकल चढाचा प्रश्न सोडविते आणि झाडे उन्हाचा. विजेच्या मोटारीने मात्र धूर थांबेल, जागा वाचणार नाही. कोंडीत उभी असलेली विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीइतकाच रस्ता अडविते.

सबब मागणी साधी आहे. प्रत्येक उपनगरातून पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत दर दहा मिनिटांनी एक बस सुटावी. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाभोवती तीन किलोमीटरच्या परिघात पदपथ आणि सायकलवाट सलग व्हावी. बस आणि मेट्रो यांना एकच पास चालावा. आणि वाहनतळाचे शुल्क वसूल करून ते बससाठीच खर्च व्हावे. यांतील कोणत्याही कामाला एका मोठ्या उड्डाणपुलाइतका काळ लागू नये. मात्र फीत कापण्याचा सोहळा त्यात नाही, हीच अडचण असावी.

मोटार कोणी घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. ती नसली तरी उपनगरातील नागरिकाला सन्मानाने आणि वेळेवर घराबाहेर पडता यावे, एवढेच मागणे आहे. यापुढे प्रभागात मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला नवा पूल कधी होणार हे विचारण्याआधी, आमच्या थांब्यावर पुढची बस किती मिनिटांनी येते, हे विचारण्याची सवय मतदारांनी लावून घ्यावी. त्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येईल, त्यालाच शहर कळले आहे असे समजावे.