आधी गाडी, मग व्याख्या

गतीच्या नियमांच्या धड्यात मराठी माध्यमाचं मूल 'त्वरण' वाचतं, उर्दू माध्यमाचं 'इसराअ'. एक 'जडत्व' पाठ करतं, दुसरं 'जुमूद'. मी या दोन्ही भाषा शिकवतो आणि सांगतो, बहुतेकदा दोघांनाही फक्त शब्द येतो. मग उर्दूमुळे मुलं मागं पडली, असं बोलून आपण मोकळे होतो. दोष भाषेचा नाही. वस्तू हातात देण्याआधी व्याख्या पाजण्याच्या पद्धतीचा आहे.

उपाय महाग नाही. बाटलीची चार झाकणं, दोन काड्या, स्ट्रॉ आणि पुठ्ठा घेऊन गाडी करा. फळी एका बाजूने १० सेंटिमीटर उचला, गाडी सोडा. मग २० सेंटिमीटर उचला. खाली पोहोचताना वेग किती वाढेल, हे आधी विचारा. वर्ग एका सुरात म्हणेल, "दुप्पट!" घर्षण धरलं नाही तर सूत्र सांगतं, सेकंदाला १.४ मीटरवरून जेमतेम २ मीटर. दुप्पट वेग हवा तर उंची चौपट लागते.

आता संगणक उघडा. स्प्रेडशीटमध्ये दर एक-दशांश सेकंदाचा वेग आणि अंतर मांडा, मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओशी ताडून बघा. खरी गाडी गणितापेक्षा हळू निघते. खरा तास तिथे सुरू होतो. आस घासतोय का? झाकणाचं भोक मध्यावर आहे का? मुलं तेल घालतात, भोक नीट करतात, पुन्हा मोजतात. 'घर्षण' हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहा.

नुसती गाडी करून प्रदर्शनात ठेवली तर ती हस्तकला झाली. नुसतं स्मार्ट बोर्डवर ॲनिमेशन दाखवलं तर तो सिनेमा झाला. पडद्यावरची गाडी कधी अडत नाही, म्हणून मुलाला प्रश्नही पडत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय विज्ञान शिकवलं असं म्हणू नका. "पोर्शन संपत नाही" ही सबब पुरे झाली. न समजता संपलेला पोर्शन काय कामाचा?

"गॅरेजमध्येच पाठवायचं होतं तर शाळेत कशाला घातलं?" असं विचारणारे पालकही आपल्यात आहेत. हाताच्या कामाची ही लाज आली कुठून? जलशांत आपण अल-जझरीचं नाव अभिमानाने घेतो. त्याने १२०६ मध्ये यंत्रांवरचं पुस्तक पूर्ण केलं, आणि दुसऱ्या कारागिराला ती यंत्रं बनवता यावीत इतक्या तपशिलाने लिहिलं. त्याच्या नावाने टाळ्या वाजवायच्या आणि पोराच्या हातातला पाना काढून घ्यायचा, हा ढोंगीपणा आहे.

गॅरेजमधल्या पोराला गिअर कळतो, सूत्र कुणी सांगत नाही. वर्गातल्या पोराला सूत्र येतं, चाक बसवता येत नाही. इल्म आणि हुनर यांच्यातली ही भिंत शाळेनेच पाडायला हवी. पुढच्या पालकसभेत निकालाची टक्केवारी जरूर विचारा. पण प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते आणि ते शेवटचं कधी उघडलं, हेही विचारा.