तुरुंगातल्या लायब्ररीत एक माणूस हवाय

लॉच्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रातर्फे आम्ही सहा जण एका कारागृहात गेलो होतो. मोबाइल, बॅग, पाण्याची बाटली सगळं गेटवर जमा. आत एका खोलीवर ‘ग्रंथालय’ अशी पाटी. दोन लोखंडी कपाटं. त्यात कादंबऱ्या, संतचरित्रं, स्पर्धा परीक्षांची जुनी गाईडं. कायद्याचं काही आहे का, असं विचारल्यावर भारतीय दंड संहितेची एक पिवळी पडलेली प्रत निघाली. तोवर भारतीय न्याय संहिता लागू होऊन कित्येक महिने झाले होते. जुन्या गुन्ह्यांना अजून दंड संहिताच लागते, हे खरं. पण नव्या कायद्याचं एक पानही तिथे नव्हतं. किल्ली कुणाकडे असते? ‘साहेब मोकळे असले की उघडतात.’

तिथेच एका कच्च्या कैद्याने मला गाठलं. वय माझ्या बाबांएवढं. म्हणाले, ‘मॅडम, तारीख पडली म्हणाले. पण कशाची पडली?’ त्यांची हजेरी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर झाली होती. दोन मिनिटांत स्क्रीन बंद. मी विचारलं, ‘काका, कलम कोणतं लागलंय तुम्हाला?’ त्यांना ठाऊक नव्हतं. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर फक्त केस नंबर होता.

खरं सांगू? मला अनुच्छेद 21 पाठ होता. त्यावरचे निकाल वर्षांसकट पाठ होते. पण त्या नंबरवरून पुढे काय करायचं, कुठला अर्ज, कुणाकडे, हे मला येत नव्हतं. ‘वकिलांना विचारा,’ असं सांगून मी बाहेर आले. ‘वकील भेटले तर विचारेन,’ असं ते म्हणाले. ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

म्हणून आज तुमच्यासमोर एक सरळ मागणी मांडतेय. आपल्या प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात एक विधी ग्रंथपाल असावा. पूर्णवेळ, पगारी, प्रशिक्षित. आणि ही नोकरी तुमच्यापैकी कुणीतरी करावी.

पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

असं पद जगात आहे का? आहे. अमेरिकेत आहे, आणि त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

1961 साली फ्लोरिडात क्लॅरन्स अर्ल गिडियन नावाच्या एका गरीब माणसावर पूल खेळण्याच्या अड्ड्यात घरफोडी केल्याचा आरोप आला. त्याने कोर्टाकडे वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच बाजू मांडली, हरला, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात गेल्यावर त्याने तिथल्या लायब्ररीतली कायद्याची पुस्तकं वाचली आणि तुरुंगाच्याच कागदावर पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. 1963 मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात ज्याला वकील परवडत नाही, त्याला सरकारने वकील दिला पाहिजे. खटला पुन्हा चालला. या वेळी वकील होता. गिडियन निर्दोष सुटला.

प्रत्येक कैदी गिडियन नसतो. बहुतेकांना अर्ज लिहिता येत नाही. मग दुसरा कैदी लिहून देतो. टेनेसीत असं लिहून देणाऱ्याला तुरुंगाने शिक्षा केली, तेव्हा 1969 मध्ये न्यायालय म्हणालं, की दुसरी काही सोय देत नसाल तर ही मदत बंद करता येणार नाही. पुढे 1977 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या प्रकरणात आणखी एक पाऊल पडलं. कैद्याला कोर्टापर्यंत पोचता यावं म्हणून तुरुंगाने एक तर पुरेशी विधी ग्रंथालयं द्यावीत किंवा कायदा शिकलेल्या माणसांची मदत द्यावी, असं न्यायालयाने ठरवलं. त्यानंतर तुरुंगातली विधी ग्रंथालयं आणि ती चालवणारी माणसं हा तिथल्या व्यवस्थेचा भाग झाला.

हा ग्रंथपाल करतो काय? पुस्तकं लावतो, ते झालंच. आता बऱ्याच ठिकाणी पुस्तकांच्या जागी संगणक आणि टॅबलेट आलेत, त्यावर निकाल कसे शोधायचे ते शिकवतो. अर्जांचे नमुने ठेवतो, झेरॉक्स काढून देतो, मदतनीस कैद्यांना तयार करतो. आणि मुदती सांभाळतो. राज्याच्या कोर्टातली शिक्षा अंतिम झाल्यावर फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज करायला 1996 च्या कायद्याने साधारण एकच वर्ष ठेवलंय. ते हुकलं की बहुतेकदा दार बंद. म्हणून कुणाची मुदत कधी संपतेय, हे जो विचारायला येतो त्याला वेळेत सांगणं हे त्याचं मोठं काम.

एक लक्ष्मणरेषा मात्र आहे. कायदा कुठे लिहिलाय ते तो दाखवू शकतो. तू अमुक कर, तुझी केस जिंकशील, असं तो सांगू शकत नाही. ते वकिलाचं काम. समोरचा माणूस रडवेला होऊन विचारत असताना ही रेषा पाळणं किती अवघड असेल, याची कल्पना करा.

आणि तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. 1996 मध्ये ॲरिझोनाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हात आखडता घेतला. नुसती लायब्ररी वाईट आहे म्हणून भागणार नाही, त्यामुळे आपलं प्रत्यक्ष नुकसान झालं हे कैद्याने दाखवलं पाहिजे, असं ठरलं. आता गंमत बघा. ज्याला कायदाच वाचायला मिळाला नाही, त्याने आपलं कायद्याने काय नुकसान झालं ते कसं दाखवायचं? त्या निकालानंतर ॲरिझोनाने आपली ग्रंथालयं आवरती घेतली.

एका कागदाची गोष्ट

‘ते अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय?’ असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडची गोष्ट तर थेट महाराष्ट्रातली आहे.

माधव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लॉच्या मुलांनी हे नाव ऐकलं असेल, मोफत विधी साहाय्याच्या प्रश्नात चार मार्कांसाठी. पण त्याचे तपशील वाचलेत? पदवीची बनावट प्रमाणपत्रं करण्याच्या प्रकरणात होसकोट यांना उच्च न्यायालयाने 1973 मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात ते पोचले 1978 मध्ये, शिक्षा भोगून झाल्यावर! का? तर निकालाची प्रत हातात नव्हती. उच्च न्यायालयाने ती कारागृहाकडे पाठवली होती. होसकोट म्हणत होते मला मिळाली नाही. आणि मिळाल्याची सही कुठल्याच कागदावर नव्हती.

अपील शेवटी फेटाळलं गेलं. पण न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने नियम घालून दिले : निकालाची प्रत मोफत द्या, कारागृहाने ती कैद्याच्या हातात देऊन लेखी पोच घ्या, अपिलासाठी सोय करून द्या, आणि गरज असेल तर वकील द्या. म्हणजे एका कागदाने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला सर्वोच्च न्यायालय लागलं. हा कागद पोचवणं ज्याचं स्वतःचं काम आहे, असा एकही माणूस तिथे नव्हता.

याच्याही आधीची एक गोष्ट. 1960 च्या दशकात मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायची परवानगी सरकारने नाकारली. उच्च न्यायालयाने ती दिली आणि 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तुरुंगात लिहिलेली पुस्तकं आपल्याला अभिमानाने आठवतात. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ मंडालेचं, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगातली. पण तुरुंगात बसून स्वतःच्या केसचा कागद वाचणारा कैदी मात्र आपल्या डोळ्यांसमोर येत नाही.

मोजणार कोण?

आता आजचा हिशेब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यातले 4,34,302 कच्चे. म्हणजे चारातले तीन जण असे, की ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही.

यांच्यासाठी कायदे नाहीत असं नाही. उलट चांगले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 बघा. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल, तर जामिनावर सुटका. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला तर एक तृतीयांश काळ पुरतो. हे जुन्या प्रकरणांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं. अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. पण एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील तर ही सवलत मिळत नाही. म्हणजे प्रत्येक कैद्याची कलमं, अटकेची तारीख, दुसऱ्या केसेस हे सगळं कुणीतरी बसून मोजायला हवं.

दुसरं उदाहरण. पोलिसांनी 60 दिवसांत, आणि गंभीर गुन्ह्यांत 90 दिवसांत, दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण तो मागावा लागतो. अर्ज करायच्या आधी दोषारोपपत्र आलं की हक्क गेला. 61 व्या दिवशी आरोपीला ही गोष्ट माहीत असणं आणि 65 व्या दिवशी माहीत होणं, यात कित्येक महिन्यांचा फरक पडू शकतो.

तिसरं. जामीन होऊनही कैदी आतच, कारण जामीनदार नाही. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने यावरही उपाय सांगितलाय. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. ही अट बदलून मिळू शकते, हे बराकीतल्या माणसाला कोण सांगणार? तोंडी सांगून ते त्याच्या लक्षात राहील का?

‘लाड कशाला?’

हा विषय काढला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला? बरं, चारातल्या तिघांना अजून कुणी गुन्हेगार ठरवलेलंच नाही. आणि ज्यांना ठरवलंय, त्यांनाही अपिलाचा हक्क कायद्यानेच दिलाय. शिवाय अर्धवट, चुकीचे, उशिरा आलेले अर्ज खटला लांबवतात, आणि लांबलेला खटला फिर्यादीच्या घरालाही तितकाच छळतो.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. कोठडीतल्या प्रत्येकाला 1987 च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो, कारागृहात विधी साहाय्य केंद्रं आहेत, विधी स्वयंसेवक आहेत. मग आणखी एक पद कशाला? माझं उत्तर असं : हे सगळे येतात आणि जातात. वकिलाकडे शंभर फायली असतात. स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी येतो. कैद्यांमधून तयार केलेला स्वयंसेवक सुटला किंवा त्याची बदली झाली की त्याचं शहाणपणही त्याच्याबरोबर जातं. रोज तिथे असणारा, नोंद ठेवणारा, कपाटाची किल्ली ज्याच्या खिशात आहे असा माणूस नाही.

आणि कपाट पुरत नाही, माणूसच लागतो. आपल्याकडे कितीतरी कैद्यांना नीट वाचता येत नाही. काहींना मराठीही येत नाही. ॲरिझोनाच्या त्या खटल्यातही, ज्यांचं नुकसान झाल्याची नोंद झाली, त्यांची अडचण वाचता न येण्याचीच होती. पुस्तकांनी भरलेली खोली त्यांच्यासाठी कुलूप लावल्यासारखीच.

पैशांचा प्रश्न आहेच. पण एक पगार, एक संगणक, एक प्रिंटर आणि मराठी-हिंदीतले ताजे कायदे, याहून मोठी ही मागणी नाही. एक कच्चा कैदी विनाकारण सहा महिने आत राहिला तरी त्याच्या जेवणाचा, बंदोबस्ताचा खर्च आपणच भरतो.

तुम्ही कुठे येता?

बी.लिब., एम.लिब. करणाऱ्यांनो, तुमच्या प्लेसमेंटच्या यादीत शाळा, कॉलेज, कॉर्पोरेट असतं. कारागृह नसतं. ते असावं, अशी मागणी तुमच्या विभागातून गेली पाहिजे. लॉच्या मुलांनो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं, प्रशिक्षण मिळतं. फक्त सर्टिफिकेटसाठी जाऊ नका. दोनदा जाऊन बंद करणाऱ्याची वाट बघत कुणीतरी तिसऱ्या आठवड्यात बसलेलं असतं.

आणि बाकीच्यांनो, पुस्तकं दान करायची हौस असेल तर घरातली जुनी गाईडं नकोत. नागरिक सुरक्षा संहितेची मराठी प्रत घ्या. त्याआधी फोन करून, ती ठेवून घेतील का, कुणाच्या ताब्यात राहील, हे विचारा. हा प्रश्न दहा कॉलेजांनी विचारला तरी कुणाला तरी उत्तर तयार ठेवावं लागेल.

त्या काकांचा केस नंबर मी हातावर लिहून घेतला होता. घरी येऊन ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर टाकला. मिनिटभरात कलमं दिसली, पुढची तारीख दिसली, ती कशासाठी आहे तेही दिसलं. आरोप निश्चितीसाठी होती. आमच्या केंद्रातल्या मॅडमनी ते पत्राने त्यांना कळवलं. ते पत्र त्यांच्या हातात पडलं की नाही, मला अजून माहीत नाही.