पाचट पेटते, पर्यावरणाचा तास चालू राहतो

पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बजावले. २००३ साली त्याची पुन्हा आठवण द्यावी लागली. पुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या, गुणही आले. परंतु कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात वर्गात ओझोनच्या थराचा धडा चालतो आणि खिडकीबाहेर पाचट पेटलेले असते. या दोहोंचा संबंध विद्यार्थ्याला कोणी दाखवायचा?

पेटते तो कचरा नव्हे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. काडी ओढताच हे धन धुरावाटे जाते आणि तोच शेतकरी युरियाच्या पोत्यासाठी दुकान गाठतो. तो अडाणी आहे म्हणून जाळतो, असे मात्र नव्हे. सरीत पाणी अडते, मजूर मिळत नाही, खोडव्याची घाई असते. यावर कृषी विद्यापीठाचा उपाय आहे : बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत दाबावे, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजविणारे जिवाणू टाकावेत. गुंठ्याच्या हिशेबाने हे आठशे ग्रॅम, एक किलो आणि शंभर ग्रॅम होते. नववीच्या वर्गाला एवढे सहज पेलेल. शेजारचा एक गुंठा उघडा ठेवावा आणि दोन्हींतील ओल व गांडुळे मुलांनीच मोजावीत.

शिक्षकही गावातच आहेत. उकिरडा कसा मुरवावा, धनगराची मेंढरे शेतात बसवून रात्रीच्या मोबदल्यात धान्य का द्यावे, हे आजोबांना ठाऊक असते. शाळेची पायरी न चढलेल्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. अशांना वर्गात बोलावण्यास कोणत्या परिपत्रकाची आवश्यकता आहे? अर्थात परंपरेतले सारेच उचलण्याजोगे नाही. कोकणातील राब भाजण्यात शेण आणि झाडांचा पाला राख होतो. तेही मुलांनी तपासावे, नाकारावेसे वाटल्यास नाकारावे.

गळीत हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतात. त्या आठवड्यात एका पालकाने एक गुंठा न पेटवता शाळेला दिला, तरी प्रकल्पवहीत उतरवून काढण्याऐवजी पाहून लिहिण्यासारखे काही असेल.