भिंतीची ओल आणि सिमेंटचे पांघरूण

तुळशीचे लग्न लागले की आमच्या बेळगाव-खानापूरच्या बाजूला घरदुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात ही कामे करता येत नाहीत आणि वैशाखात गवंडी मिळत नाही. तेव्हा कार्तिकापासून माघापर्यंतचे चार महिने हेच गृहस्थाने आपल्या घराकडे डोळसपणे पाहण्याचे. मागील काही लेखांत आम्ही गळक्या नळाचे वायसर, पावसात फुगणारी दारे, करकरणाऱ्या बिजागऱ्या अशा किरकोळ कामांविषयी लिहिले. ती कामे आपल्या हातांनी केल्याची अनेकांची पत्रे आली. त्या पत्रांत एक पत्र मात्र निराळे होते, आणि त्याच्या उत्तरादाखल या महिन्याचे सारे पान खर्ची घालणे आम्हांस योग्य वाटले.

खानापूर तालुक्यातील एक भगिनी लिहितात की, त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेल्या जांभ्याच्या घरात माजघराच्या भिंतीचा गिलावा कमरेच्या उंचीपर्यंत सुटू लागला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तो काढून चांगला जाड सिमेंटचा गिलावा करून घेतला. पहिल्या पावसाळ्यात भिंत ठणठणीत कोरडी राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात सिमेंट जेथे संपते तेथून हातभर वर ओल उगवली. यंदा त्या वरच्या भागाचा भुगा होऊन खाली पडतो आहे आणि खालचे सिमेंटही टिचकी मारली की पोकळ वाजते. एक मुलगा पुण्यास, दुसरा बेंगळुरूस. दोघांचेही म्हणणे एकच : आई, घराचे आयुष्य संपले, आता विकून टाकू. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘गुरुजी, घर खरेच संपले आहे काय?’

नाडी न पाहता औषध देऊ नये हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि त्यांनी जी लक्षणे लिहिली आहेत ती घर संपल्याची नव्हेत. ती सिमेंट नको त्या जागी लागल्याची आहेत, आणि आपल्यापैकी शेकडो कुटुंबांच्या जुन्या घरांतून हेच चालले आहे.

ओल भिंतीत चढते कशी, हे आम्ही वर्गात एका खडूने दाखवितो. बशीत बोटभर शाईचे पाणी घ्यावे आणि त्यात पांढरा खडू उभा करावा. तास संपण्यापूर्वीच शाई खडूत बरीच वर चढलेली असते. तिला कोणी वर ढकललेले नसते. खडूतील सूक्ष्म छिद्रेच तिला ओढून घेतात. जांभा, कच्ची वीट, मातीचा दर्जा या सर्वांचा स्वभाव असाच आहे. आता दुसऱ्या खडूच्या खालच्या अर्ध्या भागाला, तळ मोकळा ठेवून, मेणबत्तीचे मेण फासावे आणि तोही बशीत उभा करावा. शाई आत येणे थांबत नाही. ती मेणाच्या आतून मुकाट्याने चढते आणि मेण संपले की तेथे बाहेर दिसू लागते. भगिनींच्या माजघरातील सिमेंट म्हणजे हे मेण होय.

जमिनीतून चढणारे पाणी एकटे येत नाही, आपल्याबरोबर मातीतील क्षार आणते. पाणी वाऱ्याने उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक गिलाव्याच्या पोटात वाढू लागले की गिलावा आतून फुटतो. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. चुन्याच्या गिलाव्यातून वाफ सहज बाहेर पडत असल्याने ओल फार वर जात नाही; आणि लोणा लागलाच तर तो गिलाव्याला खातो, दगड वाचतो. दहा-पंधरा वर्षांनी तेवढा गिलावा बदलावा, भिंत तशीच उभी. घट्ट सिमेंट वाफेची वाट अडविते, ओल वर चढविते, आणि शेवटी सुटते तेव्हा जांभ्याचा पापुद्राही बरोबर घेऊन येते.

सिमेंटवर आमचा राग नाही. पाण्याची टाकी, सज्जा, नवे पक्के बांधकाम येथे त्याला तोड नाही. परंतु पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात निघाले १८२४ साली, आणि आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले १९१४ साली. त्यापूर्वीची आपली घरे, आणि त्यानंतरचीही पुष्कळशी, चुन्यामातीत बांधली गेली. ज्या भिंतीचे सर्वांग चुन्यामातीचे तिच्यावर सिमेंटची कातडी चढविणे ही सुधारणा नव्हे. दुर्दैवाने आज ‘मजबूत’ या शब्दाला ‘सिमेंटचे’ एवढाच अर्थ उरला आहे.

मग करावे काय? पहिले काम भिंतीला हात न लावण्याचे. ओल कोठून येते ते ठरवावे. डाग छताकडून खाली उतरत असेल आणि पावसानंतर गडद होत असेल, तर दोष कौलांचा वा पन्हळीचा. तो जमिनीपासून कमरेपर्यंत असून वर आडवी, वेडीवाकडी कड दिसत असेल, तर ओल जमिनीची. मधल्याच उंचीवर एकाकी डाग असेल, तर भिंतीत नळ आहे काय ते पाहावे. संशय राहिला तर डब्यातील चांदीच्या रंगाच्या कागदाचा वीतभर तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. बाहेरच्या बाजूला दव दिसले तर ओलावा खोलीतील हवेचा. तेथे खिडकी उघडणे हीच दुरुस्ती. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओलावा भिंतीतला.

जमिनीची ओल असेल तर फावडे घेऊन घराबाहेर जावे. आमच्या अनुभवाने निम्मी ओल घराबाहेरच बरी होते, आणि तिला एक पैचे सामान लागत नाही. वर्षानुवर्षे अंगणात माती, पाचोळा, कुंड्यांचा गाळ साठत जातो आणि जोते बुडते. शहरात तर रस्त्यावर जुना थर न खरवडता डांबराचे नवे थर चढतात. आमच्याच गल्लीतील एका घराच्या तीन पायऱ्यांपैकी आता एकच पायरी दिसते. साठलेली माती काढून जोते मोकळे करावे, आणि भिंतीपासून पहिल्या तीन-चार फुटांत दोनेक इंचांचा उतार बाहेरच्या बाजूस द्यावा. भिंतीला अगदी चिकटून कोबा वा फरशी घातली असेल तर तिची हातभर पट्टी उखडून तेथे खडी भरावी. नाहीतर जमिनीतील वाफेला भिंतीखेरीज दुसरी वाटच राहत नाही. वळचणीचे पाणी जोत्याच्या पायाशी पडत असेल तर पन्हळ बसवावी, आणि असलेली पन्हळ तुंबली असेल तर हात घालून मोकळी करावी.

त्यानंतर छप्पर. मंगळुरी कौल बासेल मिशनच्या मंडळींनी १८६० नंतरच्या दशकात मंगळूरला काढले, आणि त्याची खोबण इतकी शहाणी आहे की एक फुटले तर तेवढेच बदलता येते. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. माकडांच्या या मुलुखात जुन्या मापाची चाळीस-पन्नास कौले परसात राखून ठेवणे शहाणपणाचे, कारण नव्या कारखान्याचे कौल जुन्याच्या खोबणीत बसेलच असे नाही. कौलावर कधीही मध्यभागी पाय देऊ नये. रिपांवर फळी आडवी टाकून तिच्यावर भार द्यावा. पडवीवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर मुळीच चढू नये. ते वरून धड दिसतात आणि पायाखाली एकाएकी फुटतात.

कौले उतरविलीच आहेत तर थोडे विषयांतर करतो. माजघराच्या वर एक काचेचे कौल बसवावे. जुन्या घरातील माजघर म्हणजे दिवसा दिवा लावण्याची जागा असा आपला समज झाला आहे. एका कौलाने तेथे पुस्तक वाचण्याइतका उजेड पडतो. शिवाय अंधारात ओल दिसत नाही.

आता भिंत. सुटलेले सिमेंट हलक्या हाताने, छिन्नी आडवी धरून काढावे. दगडाचा पापुद्रा निघू लागला की थांबावे. ओलीच्या कडेच्या दीड फूट वरपर्यंत गिलावा उतरवावा. पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडून, सुपात गोळा करून बाहेर टाकावा. तो पाण्याने धुण्याचा मोह होतो. परंतु धुतला की क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच जातो. मग भिंत उघडी ठेवावी. एक महिना म्हणत असाल तर दोन महिने ठेवावी. पाहुणे काय म्हणतील ही चिंता सोडावी.

चुन्याबद्दल सावधगिरी हवी. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो, आणि पाण्यात पडताच तो उकळू लागतो. चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे असावेत, मुलांना दूर ठेवावे. विरलेला चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्यावा. ज्यांना हा खटाटोप नको त्यांना विरलेल्या चुन्याची भुकटी पिशवीत मिळते, मात्र पिशवी ताजी पाहिजे. हवा लागून जुनी झालेली भुकटी निर्जीव असते, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषूनच पुन्हा दगड होतो. एक भाग चुन्याला तीन भाग खडबडीत, क्षार नसलेली वाळू घ्यावी. हल्ली मिळणारी दळलेली वाळू चालते, फक्त तिची धूळ धुऊन काढावी. भिंतीवर पाणी मारून थर द्यावा, तो अर्ध्या इंचाहून जाड नसावा, आणि दुसरा थर आठवड्याने. ओले गोणपाट टांगून सात-आठ दिवस तो सुकू देऊ नये. वर तैलरंग नको, डिस्टेंपर नको. चुन्याची सफेदीच हवी.

दोन हातभर लांबीचा तुकडा कोणीही धडपडून करू शकेल. सबंध भिंतीला मात्र गवंडी बोलवावा, आणि शक्य तर साठी उलटलेला. आमच्या गावात असे एक गवंडीमामा आहेत. बैलांच्या घाणीत चुना मळताना त्यांनी पाहिला आहे. त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी केव्हा घालायचे हेही ते सांगतात. ते चुन्याला ‘सुण्ण’ म्हणतात, आम्ही ‘चुना’ म्हणतो. दोन्ही शब्द एकाच संस्कृत ‘चूर्णा’ची लेकरे, तेव्हा आमचे जमते. त्यांच्या हाताखाली मात्र आज कोणी नाही. चुन्याचे काम सांगायला गिऱ्हाईकच येत नाही, मग पोरगा शिकणार कशासाठी, असे ते विचारतात. मागील वर्षी त्यांना चुन्याची अवघी दोन कामे मिळाली.

घरच्यांनी जे करू नये तेही सांगितले पाहिजे. ओलसर भिंतीत जुनी वायर असेल तर छिन्नी उचलण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा आणि वायरिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. मीटरजवळच्या फळीवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी नसेल तर गिलाव्याचे पैसे आधी त्यावर खर्चावेत. असेल तर त्यावरील चाचणीचे बटण दर तीन महिन्यांनी दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. ओल्या भिंतीला टेकलेले मूल आणि आवरण झिजलेली वायर यांच्यामध्ये तेवढी एकच वस्तू उभी असते. त्याचप्रमाणे भिंतीला पेन्सिल शिरेल इतकी आरपार भेग असेल, भिंतीचे पोट सुटले असेल, किंवा तुळईचे भिंतीत गेलेले टोक टोचले असता भुसभुशीत लागत असेल, तर या लेखाच्या आधारे काहीही करू नये; अभियंत्यास दाखवावे.

भगिनींना आम्ही टपालाने सध्या एवढेच कळविले आहे. भेग नाही, तुळई धड आहे, असे त्यांनीच लिहिले असल्याने घाई नको. घर विकावयाचे ठरले तरी ओली भिंत पाहून घेणारा भाव पाडणारच. तेव्हा राहायचे असो वा विकायचे, मातीचा ढीग जोत्यापासून हलवावाच लागेल. ते काम पुण्याच्या आणि बेंगळुरूच्या चिरंजीवांनी पुढच्या सुट्टीत करावे, फावडी शेजारून मिळतील. तोवर माजघराच्या भिंतीवर ओलीची वरची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहावी. माघात दुसरी रेघ, आषाढात तिसरी. आषाढातील रेघ कोठे पडली ते त्यांनी कळविल्यास याच पानावर छापू.