नाणेघाटात आपलं नाव कशाला?

हॉस्टेलमध्ये ट्रेकचा प्लॅन निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘धबधबा आहे का?’ आणि दुसरा, ‘स्पीकर कोण घेतंय?’ दर पावसाळ्यात नाणेघाटाचं नाव या यादीत असतंच. कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर येतं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनाच काढायचा असतो. मित्रमैत्रिणींनो, नाणेघाटाला जरूर जाऊया. पण काही गोष्टी इथेच ठेवून जाऊया, एवढंच माझं म्हणणं.

आधी जागा काय आहे ते बघा. जुन्नरकडून गेलं तर घाटघरच्या पुढे मोकळं, गवताळ पठार लागतं आणि ते एकदम संपतं. पुढे सरळ कडा, खाली कोकण! कड्याच्या खाचेतून दगडी वाट उतरते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण, सोपारा या बंदरांतला माल याच वाटेनं घाटावर यायचा. वर तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे; त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. शेजारी जीवधन किल्ला आणि त्याला लागून वानरलिंगी हा सुमारे साडेतीनशे फुटांचा सुळका. आम्ही हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलो होतो. पठारावर दोन-तीन गुराखी आणि सुळक्यावर एक क्लाइंबिंग टीम, बस्स. दोरावरची माणसं मुंगीएवढी दिसत होती, पण त्यांचं एकमेकांशी बोलणं खालपर्यंत ऐकू येत होतं. एवढी शांतता!

घाटातल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कोणते यज्ञ केले आणि किती गाई, घोडे, हत्ती, नाणी दान दिली, त्याचा हिशेब. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं तो पाहिला आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या आकड्यांचा अभ्यास केला. आपण इंजिनिअर मंडळींनी बघायचे ते हेच आकडे. सतराशे लिहायचे तर आधी हजाराची खूण, मग शंभराची खूण आणि तिला जोडलेला सात. शून्य नाही, स्थानिक किंमतही नाही. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी आकड्यांपेक्षा इंग्रजी आकडे हाताला जवळचे. पण दोघांचंही मूळ या ब्राह्मी आकड्यांतच आहे! कॅल्क्युलेटरवर आपण रोज बोटं आपटतो, त्या आकड्यांचे पूर्वज या भिंतीवर आहेत.

आणि तिथेच वाटेवरच्या कातळावर रंगानं काढलेले बदाम, नावं आणि बॅचचं वर्ष.

यावर आमच्या ग्रुपमध्ये जोरदार भांडण झालं. एकाचा मुद्दा होता, ‘त्यांनी लिहिला तो इतिहास आणि आपण लिहिलं की घाण? दोन हजार वर्षांनी आपलाही इतिहास होईल.’ मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पण वर कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावं उरली, म्हणून तर त्या कोणाच्या होत्या हे कळतं. नाव टिकतं, हे खरंच.

पण भिंत एकच आहे. लेख आधीच जागोजागी फुटलेला आहे. शंभराच्या खुणेला जोडलेल्या सातावर एक ओरखडा पडला की सातशे होते की आणखी काही, हे ठरवणार कसं? लेखाचे ठसे, वाचनं पुस्तकांत आहेत. पण शंका आली की तपासायला मूळ दगडच लागतो. दगडाचा बॅकअप नसतो.

दुसरा मुद्दा आला, ‘सुळक्यावर क्लाइंबर बोल्ट ठोकतातच ना?’ ठोकतात. पण त्या बोल्टवर कोणाचा तरी जीव टांगलेला असतो. आणि समंजस क्लाइंबर जुना बोल्ट पक्का असेल तर उगीच नवा ठोकत नाही. आपल्या नावावर कोणाचा जीव टांगलेला आहे?

म्हणून कॉलेजच्या ट्रेकसाठी माझ्या चार अटी. एक, पावसाळ्यातल्या रविवारी दोन बस भरून नको. हिवाळ्यात पंधरा-वीस जणांची बॅच न्यावी. दोन, लेण्यात मुक्काम नाही, चूल नाही. जेवण गावात सांगावं, चार पैसे गावाला मिळतील. तीन, स्पीकर हॉस्टेलवरच राहील. चार, सुळक्याला हात फक्त शिकलेल्यांनी, अनुभवी टीमबरोबर लावायचा. बाकीच्यांनी खालून मान वर करून बघायचं, त्यातही मजा आहे. सोबत येणाऱ्या सर-मॅडमनी हे निघण्याआधीच ठणकावून सांगावं. तिथे पोचल्यावर कोणी ऐकत नाही!

ट्रेकची नोटीस लागेल तेव्हा या अटी तिच्यावर छापलेल्या असाव्यात. आणि ज्यांना नाव लिहायची फारच हौस आहे, त्यांनी ते नोटिशीखालच्या यादीत लिहावं. तिथे भरपूर जागा असते.