वाऱ्याचा वेग आणि हवेचा दाब : एका समजुतीचे खंडन

वाऱ्याचा वेग वाढला की हवेचा दाब कमी होतो, ही समजूत चांगलीच रूढ आहे. वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावांत मॉन्सूनपूर्व वादळाने घरांवरचे, गोठ्यांवरचे टिनपत्रे उडाले, की तिचाच दाखला दिला जातो : वरचा वारा वेगवान म्हणून तिथे दाब कमी, खालची हवा स्थिर म्हणून तिथे जास्त. आधाराला डॅनिएल बर्नुली यांच्या 1738 च्या ग्रंथातील तत्त्व घेतले जाते.

हा आधार चुकीचा आहे. ते तत्त्व एकाच प्रवाहातील दोन ठिकाणांची तुलना करते. घरातली हवा आणि छपरावरचा वारा हे एका प्रवाहाचे भाग नव्हेत. कागद सरळ लोंबता धरून त्याच्या एकाच बाजूने समांतर फुंकर मारली, तर तो फुंकरीकडे ओढला जात नाही. मोकळ्या झोताचा दाब भोवतालच्या हवेइतकाच असतो.

वादळाची साक्षही उलटी आहे. गडगडाटी ढगातून थंड, जड हवा कोसळून जमिनीवर पसरते, तेव्हा वारा सुसाटतो आणि वायुभारमापकाचा पारा बहुधा चढतो. केवळ वेगाने दाब घटत असता, तर तो उतरला असता. मुळात हवेला गती मिळते तीच दाबातील फरकामुळे.

मग पत्रे का उडतात? वारा भिंतीवर आदळून वर वळतो आणि छपराच्या कडेपाशी पृष्ठभाग सोडतो. या वळणाच्या आतल्या बाजूला दाब घटतो व पत्रा वर ओढला जातो. वाऱ्याकडचे दार उघडे असेल, तर आत शिरलेली हवा त्याला खालूनही रेटते.

सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा भार चौरस मीटरला सुमारे 24 किलो वजनाइतका होतो. कडेवरची ओढ याहूनही जास्त असू शकते. हा भार वातावरणाच्या एकूण दाबाचा जेमतेम पाव टक्का. पण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला चारच किलो असते.

म्हणून ‘दाब समान व्हावा’ या विचाराने वाऱ्याकडचे दार उघडणे घातक आहे. ते बंद ठेवावे आणि पत्र्यांवर दोन-चार दगड ठेवून न थांबता कडेचे पत्रे हूक-बोल्टने वाशांना घट्ट आवळावेत.