बिलातलं रबर

ज्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तिथे राहून स्कूबा डायव्हिंगचा नाद बाळगायचा हा मुळातच विनोद आहे. सिडकोतल्या प्रत्येक लग्नात तो मला कुणी ना कुणी ऐकवतोच. डायव्हिंग करता येईल असा समुद्र इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास, मालवणला. जवळचं मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि तिथे सिलिंडर पाठीला लावून उतरायचं म्हटलं तर लोक आधी घरच्यांना फोन करतील. तरीही माझ्याकडे स्वतःचा रेग्युलेटर आहे. त्याच्या सर्व्हिसिंगचं बिल आलं की बायको शांतपणे म्हणते, "एवढ्यात स्कूटरच्या चार सर्व्हिसिंग झाल्या असत्या."

हिशेब बरोबर आहे. म्हणूनच त्या बिलात नेमकं काय असतं ते सांगायला हवं.

सिलिंडरमध्ये हवा साधारण 200 बार दाबाने भरलेली असते. आपल्या सीएनजी रिक्षातला गॅसही त्याच दाबाचा. तो दाब थेट तोंडात घेता येत नाही. सिलिंडरवर बसलेली रेग्युलेटरची पहिली स्टेज तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतक्यावर आणते. तोंडातली दुसरी स्टेज आपण श्वास ओढला की तेवढीच हवा सोडते, त्या खोलीवरच्या दाबाने. जोडीला एक जादा दुसरी स्टेज, म्हणजे ऑक्टोपस. सोबत्याची हवा संपली तर त्याच्यासाठी. म्हणजे यंत्र एक दिसलं तरी कारागीर तीन भाग खोलतो आणि मजुरी तीन भागांची लावतो. त्यावर प्रत्येक भागाचं किट, 18 टक्के जीएसटी आणि आमच्यासारख्या कोरड्या गावातल्यांना जाण्या-येण्याचं कुरिअर. अमेरिकेत अशा पूर्ण सेटला साधारण शंभर ते दोनशे डॉलर पडतात. आपल्याकडे मजुरी स्वस्त, पण भाग बाहेरून येतात. बिल फार मागे राहत नाही.

किट म्हणजे काय? काही ओ-रिंगा, एक गाळणी, एक-दोन सीट. मुठीत मावेल एवढा ऐवज. मागच्या वेळी मी काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत मागवले आणि कॉलनीतल्या एका काकांना दाखवले. काका वाळूजमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. व्हर्नियर अजून कपाटात नाही, टेबलावर असतो. त्यांनी ओ-रिंग दोन बोटांत दाबली, नखाने ताणली आणि म्हणाले, "ही तर चिकलठाण्यात डझनाने मिळते रे. फक्त जास्त दाबाच्या जागी नव्वद शोअरची घे. सत्तरची दबून फटीतून बाहेर येईल." मग त्यांनी पहिल्या स्टेजची सीट भिंगाखाली धरली. शर्टाच्या बटणापेक्षा लहान चकती. तिच्यावर धातूच्या कडेने उमटवलेला एक बारीक गोल वळ होता आणि एका बाजूला तो जरा जास्त खोल गेलेला. काका बराच वेळ बघत राहिले. "हे मात्र इथे नाही मिळायचं," एवढंच बोलले.

सगळा मामला त्या चकतीत आहे. ती दोनशे बारला अडवते. तिच्यावरचा वळ खोल किंवा तिरका झाला की हवा थोडीथोडी पुढे सरकते, दोन स्टेजांमधला दाब हळूहळू चढतो आणि शेवटी दुसरी स्टेज आपोआप वाहू लागते. ही सीट कंपनी बनवते आणि बहुतेक कंपन्या ती फक्त आपल्या अधिकृत कारागिरालाच विकतात. आपण पैसे रबराचे देत नाही. ते भाग मिळण्याच्या हक्काचे, दाब मोजायच्या उपकरणांचे आणि खाली सही करणाऱ्या माणसाचे देतो.

यात मला थोडी गंमतही वाटते. हे यंत्र जन्माला आलं तेच मोटारीच्या गॅसमधून. 1943 मध्ये फ्रान्समध्ये जाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ते सिद्ध केलं. गान्यां एअर लिक्विड कंपनीतला इंजिनीयर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी त्याने एक झडप केली होती, तीच पुढे पाण्याखाली गेली. अशा यंत्राची सीट गाड्यांच्या सुट्या भागांवर पोट भरणाऱ्या आमच्या शहरात मिळू नये! वाळूजमध्ये ती कुणालाही करता येईल, असा काकांचा दावा आहे. असेलही. पण ती वीस मीटर खाली स्वतःच्या तोंडाशी लावून बघायला काका तयार नाहीत, आणि मीही नाही.

आता दुसरी बाजू. कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये साधारण असं असतं: दरवर्षी तपासणी, आणि दोन वर्षांनी किंवा अमुक इतक्या डाइव्हनंतर पूर्ण खोलून सर्व्हिसिंग. वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा समुद्र बघणाऱ्याने केवळ कॅलेंडर उलटलं म्हणून चांगलं चाललेलं यंत्र खोलून घ्यावं का? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या पाणबुडीविरोधी विमानांचा हिशेब मांडताना सी. एच. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाला दिसलं की अचानक निघणारे बिघाड नियमित तपासणीनंतर लगेचच वाढतात आणि मग कमी होत जातात. तपासणीच बिघाड घडवत होती. ती लांबवल्यावर विमानं जास्त उडू लागली. जुन्या डायव्हरांचाही अनुभव हाच: सर्व्हिसिंगहून आलेला सेट पहिल्यांदा खोल पाण्यात नेऊ नये.

मात्र रबर डाइव्ह मोजत नाही, ते नुसतं पडूनही म्हातारं होतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद गाडीच्या डिकीत राहिलेला सेट न वापरताच झिजतो. बोअरच्या पाण्यात भिजवला तर वर पांढरा क्षार चढतो तो वेगळाच. म्हणून माझं मत मधलं आहे. तपासणी दरवर्षी, खोलणं गरजेनुसार, पण पुस्तिकेतली मुदत उलटू द्यायची नाही. घरी करायच्या दोन गोष्टी सोप्या आहेत. पहिल्या स्टेजचं झाकण लावून तोंडाने हवा ओढायची. ओढ टिकली पाहिजे, हवा आत येता कामा नये. आणि सिलिंडर मिळेल तेव्हा मधल्या दाबाचा छोटा गेज नळीला लावून दुसऱ्या स्टेजवरचं हवा सोडायचं पर्जचं बटण दोन-चार वेळा दाबायचं. काटा एका जागी थांबला तर ठीक, वर सरकत राहिला तर सीट गेली. पहिल्या स्टेजच्या तोंडाशी असलेली गाळणी हिरवट दिसली तर मग काहीच तपासू नका. खारं पाणी आत गेलेलं आहे, सेट थेट कारागिराकडे पाठवा.

भीती मात्र दुकानदार सांगतात तेवढी नाही. या यंत्राची रचनाच अशी आहे की बिघडल्यावर हवा बहुधा बंद होत नाही, उलट सुटते. अर्थात भसाभसा सुटलेली हवा वीस मीटरवर सिलिंडर काही मिनिटांत रिकामं करते, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

सिलिंडरच्या चाचणीला निदान कायदा आहे. गॅस सिलिंडर नियम 2016 मध्ये नव्याने आले आणि ते बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. रेग्युलेटर केव्हा खोलायचा हे मात्र कंपनीची पुस्तिका सांगते, आणि ती कुणी वाचतं की नाही हे कुणी विचारत नाही.

हे सगळं स्वतःचा रेग्युलेटर नसलेल्यांनाही लागू आहे, किंबहुना त्यांनाच जास्त. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत आपल्या गावातून मालवण-तारकर्लीला माणसं जातात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करतात आणि फोटो पाठवतात. त्यांच्या तोंडात असतो तो भाड्याचा रेग्युलेटर, दिवसभरात कित्येकांच्या तोंडातून फिरलेला. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो, तेव्हा सर्व्हिसिंगला वेळही भरपूर मिळतो. पैसे मोजायच्या आधी विचारा: शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, कुणी केली, नोंदवही दाखवता का? घासाघीस करून दोनशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे. तारीख न सांगता नुसतं हसणाऱ्याकडे उतरू नका, शेजारच्या बोटीवर जा.